पाळीव कुत्र्या-मांजरांची दुर्गंधी आणि गुदग्रंथींचे विकार

तापी नदीच्या उत्तर तीरावर वसलेले बुऱ्हाणपूर हे मध्य प्रदेशाच्या सीमेवरील प्राचीन नगर होय. २००३ साली त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा लाभला. महाराष्ट्राची सीमा येथून हाकेच्या अंतरावर असल्याने मराठी आणि निमाडी या दोन्ही बोली येथे एकाच घरात नांदतात. तापीकाठचा राजघाट हे या नगराचे श्रद्धास्थान. स्नानासाठी, पूजेसाठी आणि अंत्यविधीनंतरच्या क्रियाकर्मासाठी येणारी माणसे, त्यांच्या मागोमाग येणारी कुत्री आणि आसपासच्या वस्तीतील मांजरे असे चित्र कोणत्याही नदीकाठी दिसते, तसेच ते येथेही दिसते.

अशा ठिकाणी एखादे कुत्रे मागचे दोन्ही पाय पुढे पसरून, पार्श्वभाग दगडी पायरीवर घासत पुढे सरकताना पाहिले की मुले हसतात. जाणती माणसे "पोटात जंत झाले" असे म्हणून मोकळी होतात. घरात पाळलेल्या कुत्र्याच्या अंगाला अचानक कुजलेल्या मासळीसारखा उग्र वास येऊ लागला, तर त्याला दोन वेळा आंघोळ घातली जाते; तरीही वास न गेल्यास त्याची रवानगी अंगणात, गोठ्यात किंवा थेट रस्त्यावर होते. त्याला होणारी वेदना मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. या दोन्ही लक्षणांमागे पुष्कळदा एकच कारण असते. ते म्हणजे गुदग्रंथींचा विकार. हा विकार वेळीच ओळखता आला, तर उपचार सोपा असतो. दुर्लक्ष झाल्यास तो जनावराला असह्य वेदना देतो आणि घरातील माणसांनाही धोक्यात आणतो. म्हणून त्याची माहिती प्रत्येक पशुपालकास असणे अगत्याचे आहे.

गुदग्रंथी म्हणजे काय?

कुत्रा व मांजर यांच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस, त्वचेखाली, एकेक लहानशी पिशवी असते. गुदद्वार हे घड्याळाच्या तबकडीचे मध्य मानले, तर या पिशव्यांची जागा साधारणतः चार व आठ या आकड्यांपाशी येते. लहान जातीच्या कुत्र्यात ही पिशवी वाटाण्याएवढी, तर मोठ्या कुत्र्यात बोराएवढी असू शकते. गुदद्वार आवळून धरणारे दोन स्नायू असतात, एक आतला व एक बाहेरचा. या दोहोंच्या मध्ये ही पिशवी बसलेली असते. तिच्या अस्तरातील सूक्ष्म ग्रंथींतून तेलकट, पिवळसर ते तपकिरी रंगाचा, तीव्र वासाचा द्रव पाझरतो आणि एका अरुंद नलिकेवाटे गुदद्वाराच्या कडेशी बाहेर पडतो.

निरोगी जनावर घट्ट मलविसर्जन करते तेव्हा स्नायूंचा आणि मलाचा दाब पिशवीवर पडतो व थोडा द्रव आपोआप बाहेर येतो. भीतीच्या प्रसंगी स्नायू एकदम आवळले गेल्यामुळेही द्रव बाहेर फेकला जातो. पशुवैद्याच्या मेजावर चढवलेले कुत्रे घाबरताच खोलीभर वास पसरतो, त्याचे कारण हेच.

या द्रवाचे प्रयोजन काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. श्वानवर्गातील प्राणी डोळ्यांपेक्षा नाकाने जग ओळखतात. प्रत्येक कुत्र्याच्या द्रवाचा वास निराळा असतो. दोन अनोळखी कुत्री भेटताच परस्परांच्या शेपटीखाली हुंगतात, ते असभ्य वर्तन नसून परिचय करून घेण्याची त्यांची रीत आहे.

वनातील भाऊबंद

निसर्गात ही योजना अनेक प्राण्यांत आढळते. सातपुड्याच्या रानात वावरणारे तरस आपल्या गुदद्वाराजवळील पिशवी बाहेर उलटवून तिच्यातील चिकट लेप गवताच्या काडीवर पुसते आणि आपल्या हद्दीची खूण ठेवते. शेताच्या बांधावर दिसणारे मुंगूसही दगडावर पार्श्वभाग टेकवून अशीच खूण करते. अमेरिकेतील स्कंक या प्राण्याने तर या पिशव्यांचे शस्त्रच बनवले आहे. शत्रू जवळ येताच तो पाठ फिरवून दुर्गंधीयुक्त द्रवाची पिचकारी अचूक मारतो. कस्तुरी मांजर या प्राण्यापासून मिळणारे जवादी हे सुगंधी द्रव्य पूर्वी अत्तरासाठी मोलाचे मानले जाई. ते मात्र गुदपिशवीतून नव्हे, तर तिच्या नजीकच्या एका वेगळ्या ग्रंथीतून पाझरते. वन्य प्राण्यांमध्ये असा वास हा जगण्याचा भाग असतो. माणसाच्या घरात राहावयास आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र तोच वास तक्रारीचा विषय ठरतो.

गाय, म्हैस, शेळी या जनावरांत कुत्र्यासारख्या गुदपिशव्या नसतात. त्यामुळे गुरांच्या संगोपनात मुरलेल्या शेतकऱ्यासही हा विकार अपरिचित असणे आश्चर्याचे नाही.

विकार कसा उद्भवतो?

हे समजण्यासाठी बुऱ्हाणपूरच्याच एका वास्तूचे उदाहरण उपयोगी पडेल. अब्दुर्रहीम खानखाना याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, येथे कुंडी भंडारा ही जलयोजना उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारी वाटेने, केवळ उताराच्या बळावर, नगराकडे आणले गेले. वाट मोकळी असते तोवर पाणी निर्मळ राहते आणि वाहते. वाटेत गाळ व चुन्याचे थर साचले की प्रवाह मंदावतो आणि तुंबलेले पाणी बिघडते. गुदपिशवीचेही तसेच आहे. द्रव नियमित वाहता राहिला तर त्रास नाही. नलिका बुजली की व्याधीस प्रारंभ होतो.

पहिली पायरी तुंबण्याची. द्रव बाहेर न पडल्याने घट्ट होतो, त्याला गव्हाच्या खळीसारखे किंवा राखाडी लगद्यासारखे रूप येते. पिशवी फुगते, कुत्र्यास ठसठस जाणवते आणि ते पार्श्वभाग जमिनीवर घासू लागते. दुसरी पायरी जंतुसंसर्गाची. साचलेल्या स्निग्ध पदार्थावर जंतू वाढतात. द्रव पिवळा, हिरवट किंवा रक्तमिश्रित होतो आणि दुर्गंधी वाढते. तिसरी पायरी गळवाची. गुदद्वाराच्या एका बाजूस लाल, गरम, टणक सूज येते, ताप येतो, कुत्रे खाणे सोडते. चौथ्या पायरीस ते गळू त्वचा फोडून बाहेर येते व पू वाहू लागतो. योग्य उपचार न झाल्यास तेथे न भरणारा नाडीव्रण राहू शकतो. पहिल्या पायरीवर काही मिनिटांत होणारे काम चौथ्या पायरीवर कित्येक आठवड्यांचे होते.

वयस्क कुत्र्यांत क्वचित या पिशवीत कर्करोगाचे अर्बुद होते. त्यात रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण वाढून कुत्रे नेहमीपेक्षा फार पाणी पिते व वारंवार लघवी करते. एका बाजूस न दुखणारी कठीण गाठ लागल्यास तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

कारणे : बहुधा ताटलीत

या विकाराचे मूळ पुष्कळदा आहारात सापडते. मल घट्ट नसेल, तर पिशवीवर दाब पडत नाही आणि ती रिकामी होत नाही. आपल्याकडे कुत्र्यास दूध-भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी घालण्याची पद्धत आहे. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधातील शर्करा नीट पचत नाही. परिणामी मल सैल होतो आणि नकळत या विकारास वाट मिळते. लग्नकार्यातील तेलकट, तिखट उष्ट्यामुळे होणारा अतिसार हेही एक कारण. अतिस्थूल कुत्र्यांत गुदद्वाराभोवती चरबी साचते व पिशवीवर पुरेसा दाब येत नाही. त्वचेच्या अ‍ॅलर्जीमुळे कातडी सुजून नलिका आकुंचन पावते. अशा कुत्र्यांत विकार पुनःपुन्हा उलटतो. लहान जातीच्या कुत्र्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. मांजरांमध्ये तो कमी होतो, परंतु होतच नाही असे नाही. मांजर जमीन घासण्याऐवजी शेपटीखालचा भाग सतत चाटते, तेथील केस गळतात आणि गळू फुटेपर्यंत कोणास पत्ता लागत नाही.

ओळखावे कसे?

पुढील लक्षणे दिसल्यास गुदग्रंथींचा संशय घ्यावा :

१. पार्श्वभाग जमिनीवर घासत पुढे सरकणे.
२. शेपटीचे मूळ किंवा गुदद्वार वारंवार चाटणे, चावणे.
३. बसताच दचकून उठणे, शेपूट खाली दाबून धरणे.
४. मलविसर्जनाच्या वेळी कण्हणे किंवा कुंथणे.
५. अंथरुणावर तपकिरी, दुर्गंधीयुक्त डाग पडणे.
६. गुदद्वाराच्या एका वा दोन्ही बाजूंस सूज, लाली, रक्त किंवा पू.

"जंत झाले" हा समज पूर्णतः खोटा नाही. पिसवांमुळे होणाऱ्या एका जातीच्या पट्टकृमीचे तुकडे गुदद्वाराशी वळवळतात व खाज आणतात. ताजे तुकडे काकडीच्या बीसारखे आणि वाळलेले तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात. असे तुकडे आढळल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक औषध द्यावे व पिसवांचाही बंदोबस्त करावा. परंतु औषध देऊनही घासणे थांबले नाही, तर पुन्हा पुन्हा तेच औषध देत राहणे व्यर्थ होय.

दुर्गंधीची इतर उगमस्थानेही तपासावीत. वास तोंडाकडून येत असेल तर दात व हिरड्या किडलेल्या असू शकतात. कानाकडून येत असेल आणि कुत्रे मान झटकत असेल तर कानात संसर्ग असतो. नदीत डुंबणाऱ्या, लांब कानांच्या कुत्र्यांत हा दोष विशेष आढळतो. खरूज व बुरशीमुळे सर्वांगास खवट वास येतो. पावसाळ्यात केसांखाली दडलेल्या जखमेत अळ्या पडल्या तर कुजट वास सुटतो. पिल्ले न झालेल्या वयस्क कुत्रीच्या योनिमार्गातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल व ती मलूल असेल, तर गर्भाशयात पू साचल्याची शक्यता असते. ही अवस्था प्राणघातक असल्याने त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपचार

केवळ तुंबलेल्या पिशवीस पशुवैद्य हातमोजा घालून, वंगण लावून, बोटाच्या हलक्या दाबाने रिकामी करतात. या कामास दोन-चार मिनिटे लागतात आणि कुत्र्यास तत्काळ आराम पडतो. द्रव फार घट्ट असल्यास सलाइनच्या पाण्याने पिशवी धुतली जाते. संसर्ग असल्यास पिशवीत व पोटातून प्रतिजैविक औषध आणि वेदनाशामक दिले जाते. गळू असल्यास गुंगी देऊन ते उघडून पू काढला जातो. घरी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटे शेक दिल्यास सूज उतरण्यास मदत होते. जखम चाटू नये म्हणून गळ्याभोवती शंकूच्या आकाराची पट्टी बांधतात.

विकार वारंवार उलटत असेल किंवा अर्बुद असेल, तर शस्त्रक्रियेने पिशव्या काढून टाकाव्या लागतात. पिशवीच्या लगतचे स्नायू व नसा दुखावल्या, तर मल रोखून धरण्याची शक्ती कमी होण्याचा धोका असतो. म्हणून ही शस्त्रक्रिया अनुभवी हातांनीच व्हावी.

एक सूचना विशेष ध्यानात ठेवावी. निरोगी पिशव्या केवळ "स्वच्छतेसाठी" दर महिन्यास पिळण्याची आवश्यकता नाही. विनाकारण दाबल्याने नाजूक अस्तर दुखावते, सूज येते आणि नसलेला आजार उत्पन्न होतो. ज्या कुत्र्यास वारंवार त्रास होतो, त्याच्या मालकाने पशुवैद्याकडून कृती प्रत्यक्ष शिकून घ्यावी. सूज, लाली किंवा वेदना असताना मात्र घरी कदापि दाबू नये.

हे करू नये

राॅकेल, फिनेल, जळके तेल, चुना किंवा तंबाखूचे पाणी त्या जागी लावण्याचे उपाय काही ठिकाणी केले जातात. ते सर्वस्वी अपायकारक आहेत. कुत्रे व मांजर ती जागा चाटतात आणि विष पोटात जाते. मांजरास फिनेल विशेष घातक ठरते. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर दगावू शकते आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडास इजा होते. गळू सुईने किंवा ब्लेडने फोडण्याचे धाडस करू नये. वारंवार आंघोळ घालण्यानेही कार्यभाग साधत नाही, कारण वासाचे मूळ कातडीवर नसून कातडीखाली असते.

दुखणे की पिसाळणे?

या विषयातील सर्वांत गंभीर भाग हा आहे. गुदद्वाराजवळ गळू असलेले कुत्रे, ते कितीही गरीब स्वभावाचे असो, मागून हात लागताच चावा घेते. खेळता खेळता शेपटी ओढणारे लहान मूल अशा वेळी बळी पडते. मग कुत्रे पिसाळले अशी आवई उठते आणि वस्ती लाठ्या घेऊन बाहेर पडते. केवळ एका दुखऱ्या पिशवीपायी इमानी जनावराचा जीव जातो. याच्या उलटही घडू शकते. स्वभावात झालेला बदल साध्या दुखण्याचा मानून खऱ्या रेबीजकडे दुर्लक्ष होते आणि माणसाचा प्राण जातो. रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली की त्यावर खात्रीचा इलाज नाही.

म्हणून निर्णय अंदाजाने करू नये. चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, मिरची किंवा चुना लावू नये आणि त्वरित शासकीय रुग्णालयात जाऊन प्रतिबंधक लस सुरू करावी. चावलेल्या पाळीव कुत्र्यास मारू नये; त्यास बांधून दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावे व पशुवैद्यास कळवावे. या दहा दिवसांची वाट पाहत माणसाची लस लांबणीवर टाकू नये. अनोळखी, लाळ गाळणाऱ्या किंवा अकारण अंगावर येणाऱ्या कुत्र्याच्या पार्श्वभागाची तपासणी स्वतः करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. पाळलेल्या प्रत्येक कुत्र्यास तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून पुढे पशुवैद्य सांगतील त्या मुदतीने ती पुन्हा देणे, हे मालकाचे प्रथम कर्तव्य होय.

प्रतिबंध

कुत्र्याचा मल बांधलेला व नियमित असणे हाच उत्तम प्रतिबंध. दूध पचत नसेल तर ते बंद करून ताजे पाणी द्यावे. भाकरी, भात यांबरोबर अंडी किंवा शिजवलेले मांस असावे. मीठ-तिखटाविना उकडलेला लाल भोपळा थोड्या प्रमाणात मिसळल्यास मलास चोथा मिळतो. मध्य प्रदेशात पिकणारा इसबगोलही पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत, भरपूर पाण्यासह देता येतो. कांदा-लसणाची फोडणी घातलेले वरण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यास देऊ नये. ते त्यास विषारी आहेत. हाताने चाचपल्यावर बरगड्या सहज लागाव्यात, इतपतच वजन असावे. रोज चालणे-धावणे घडावे. आठवड्यातून एकदा शेपूट उचलून पाहण्याची सवय लहानपणापासून लावली, तर बदल लगेच ध्यानात येतो. हात लावल्यावर ते साबणाने धुवावेत. पू लागलेला कापूस नदीत किंवा घाटावर न टाकता खड्ड्यात पुरावा. आजारी जनावरास स्नानाच्या जागी धुऊ नये.

शासकीय सोयींचा लाभ

पशुवैद्यकाची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. मध्य प्रदेशात जबलपूर येथे १९४८ मध्ये आणि महू येथे १९५५ मध्ये अशी महाविद्यालये निघाली. पूर्वी गाय-बैलांपुरता मर्यादित वाटणारा पशुवैद्यकीय दवाखाना कुत्र्या-मांजरांसाठीही असतो, हे अद्याप पुष्कळांस ठाऊक नाही. जनावर दवाखान्यात नेणे शक्य नसल्यास १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा वाहनाची विचारणा करावी आणि शुल्क व वेळ आधी समजून घ्यावी. ग्रामपंचायतींनी दवाखान्याची वेळ चावडीवर लिहून ठेवल्यास गरजूंची सोय होईल.

शिक्षकांसाठी

हा विषय लज्जेचा मानून टाळण्याचे कारण नाही. प्राण्यांच्या शरीररचनेचा तो एक साधा पाठ आहे. विद्यार्थ्यांना पुढील प्रश्नांवर विचार करण्यास सांगावे :

१. मल सैल झाल्याने गुदपिशवी का तुंबते?
२. आंघोळ घालूनही कुत्र्याचा वास का जात नाही?
३. तरस, स्कंक आणि कुत्रा यांच्या गुदपिशव्यांच्या उपयोगात काय साम्य व काय भेद आहे?
४. कुत्रे चावल्यास पहिल्या पंधरा मिनिटांत काय करावे?
५. कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण या विकारास कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही?

दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री असतात आणि धर्मराजाने स्वर्गाच्या दारीही आपल्या कुत्र्यास सोडले नाही, ही कथा घरोघर सांगितली जाते. त्या कथेस शोभेल असे आचरण करावयाचे, तर वास येतो म्हणून कुत्रे घराबाहेर काढण्यापूर्वी त्याची शेपटी उचलून पाहावी आणि त्यास दवाखान्यात न्यावे. दाराशी राखण करणाऱ्या मुक्या जनावराचे एवढे ऋण पशुपालकाने फेडणे उचित होय.